डॉ. वॉटसनची जखम

१

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार मराठी समीक्षेने बहुधा ओसरीवरच बसवून ठेवला. वाचकांनी त्याला माजघरापर्यंत नेले, उशाशी घेतले, दिवा मालवेपर्यंत हातातून सोडले नाही. समीक्षकांनी मात्र त्याची विचारपूस क्वचितच केली. ही उपेक्षा सर्वस्वी अन्याय्य होती असे म्हणवत नाही. पुष्कळशा रहस्यकथा एकदा उलगडल्या की संपतात, आणि दुसऱ्या वाचनात त्यांच्यापाशी देण्यासारखे काही उरत नाही. तथापि या प्रकाराने वाचनाची एक अशी सवय रूढ केली आहे की तिचा विचार साहित्याच्या अध्यापकांनी तरी करावयास हवा. कथेतील पात्रांना खरी माणसे मानावयाचे आणि ग्रंथात आढळणाऱ्या विसंगतींचा उलगडा ग्रंथातीलच पुराव्याने करावयाचा, अशी ती सवय आहे. वरवर पाहता हा पोरखेळ वाटतो. या पोरखेळातून वाचनाची कोणती शिस्त निघते आणि तिची मर्यादा कोठे पडते, एवढेच पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या खेळाचा आरंभ सामान्यतः १९११ सालापासून धरतात. ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील तरुण अध्यापक रोनल्ड नॉक्स यांनी त्या वर्षी शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. हेच नॉक्स पुढे कॅथलिक धर्मगुरू आणि बायबलचे भाषांतरकार म्हणून प्रसिद्धीस आले. निबंधाचा थाट अत्यंत गंभीर होता. होम्स-कथांतील तारखा जुळत नाहीत. मग त्या सर्व एकाच वॉटसनने लिहिल्या काय? होम्स धबधब्यात पडून मेला असे वाचकांना सांगितल्यावर दहा वर्षांनी ज्या कथा आल्या, त्या कोणा ‘दुसऱ्या वॉटसन’च्या तर नव्हेत? असे प्रश्न काल्पनिक जर्मन पंडितांच्या तोंडी घालून नॉक्स यांनी त्यांची चर्चा केली, आणि शेवटी वॉटसन एकच असला तरी उत्तरकालीन कथा त्याने पदरच्या रचल्या, असा निर्णय दिला. श्रोते हसले असतीलच. परंतु थट्टेचा खरा रोख होम्सवर नव्हता. बायबलच्या एकेका ग्रंथाचे दोन-दोन, तीन-तीन कर्ते ठरवणाऱ्या तत्कालीन पांडित्यावर तो होता.

मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ‘सुधारक’ पत्रात लेखमाला लिहून ज्ञानेश्वरीकार ज्ञानदेव आणि अभंगकार ज्ञानेश्वर हे दोन भिन्न पुरुष होत, असे प्रतिपादन केले होते. भाषेतील फरक, दैवतातील फरक, विचारसरणीतील फरक हे त्यांचे पुरावे होते. त्यावर मोठे वादळ उठले, उत्तरे-प्रत्युत्तरे झाली, आणि त्या निमित्ताने ज्ञानेश्वरी व अभंग यांची शब्द न् शब्द तपासणी झाली. भारद्वाजांचे मत टिकले नाही, तरी ती तपासणी वाया गेली असे कोणीही म्हणणार नाही. तो वाद श्रद्धेच्या कळीच्या जागी झाल्यामुळे त्यात थट्टेला वाव नव्हता, इतकेच. नॉक्स यांनी तीच शस्त्रे अशा मैदानात नेली की जेथे कोणाला जखम होण्याची भीती नव्हती. तालमीत बोथट तलवारीने हात करतात, तशातला हा भाग आहे.

२

खेळाचे नियम थोडे, पण कडक आहेत. होम्स ही ऐतिहासिक व्यक्ती; डॉ. वॉटसन तिचा चरित्रकार. आणि कॉनन डॉयल हे फार तर वॉटसनची हस्तलिखिते छापखान्यात पोचवणारे मध्यस्थ. १८८७ ते १९२७ या काळात प्रसिद्ध झालेल्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा, एकूण साठ, एवढाच प्रमाणग्रंथ. बाहेरून काही आणावयाचे तर ते त्या काळच्या इतिहासातून आणावे, कल्पनेतून नव्हे. डोरोथी सेयर्स या विख्यात रहस्यकथालेखिकेने तर हा खेळ क्रिकेटच्या मोठ्या सामन्याइतक्याच गांभीर्याने खेळला पाहिजे, थोडा जरी विदूषकीपणा शिरला तरी सारी मौज नासते, अशा अर्थाचे बजावून ठेवले आहे. १९३४ साली न्यूयॉर्क येथे ख्रिस्तोफर मॉर्ली यांनी या खेळाडूंचे एक मंडळच स्थापन केले.

त्यांच्या तर्कांचे काही नमुने पाहू. पहिला वॉटसनच्या जखमेचा. वॉटसन हा लष्करी डॉक्टर. मुंबई बंदरात उतरून तो अफगाण सरहद्दीकडे गेला आणि २७ जुलै १८८० रोजी मैवंदच्या लढाईत जखमी झाला. या लढाईत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, त्यामुळे आपल्या इतिहासाशीही तिचा धागा जुळतो. ‘अ स्टडी इन स्कार्लेट’ या पहिल्या कादंबरीत गोळी त्याच्या खांद्याला लागते, हाड फोडते आणि धमनीला चाटून जाते. तीनच वर्षांनी आलेल्या ‘द साइन ऑफ फोर’मध्ये तोच वॉटसन पाय धरून बसला आहे, गोळी पायातून गेली होती, असे तो सांगतो. पुढे एका कथेत तो नुसतेच ‘एका अवयवात’ म्हणून वेळ मारून नेतो. सामान्य वाचक म्हणेल, लेखक विसरला. खेळाडूला हे उत्तर वर्ज्य आहे. मग एक म्हणतो, जखमा दोन होत्या. दुसरा म्हणतो, वॉटसन जखमी शिपायावर ओणवा झालेला असताना एकच गोळी दोन्ही ठिकाणी लागली असली पाहिजे. कोणता तर्क खरा हा प्रश्न गौण आहे. तर्क करणाऱ्याला दोन्ही उतारे शब्दशः पुढे ठेवावे लागतात, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

दुसरा नमुना नावाचा. वॉटसनचे नाव जॉन एच. वॉटसन असे पहिल्याच कादंबरीच्या मुखपृष्ठामागे आहे. परंतु ‘द मॅन विथ द ट्विस्टेड लिप’ या कथेत त्याची पत्नी त्याला ‘जेम्स’ म्हणते. बायको नवऱ्याचे नाव चुकेल काय? सेयर्सबाईंनी यावर जो उपाय शोधला तो या खेळातील उत्कृष्ट चालींपैकी एक गणला जातो. ‘एच.’ म्हणजे ‘हेमिश’ असावे, असे त्या म्हणतात. हे स्कॉटलंडमधील नाव असून ते ‘जेम्स’चेच रूप आहे, पत्नी लाडाने मधल्या नावाचे इंग्रजी रूप वापरीत असे. एका अक्षराचा, एका विसंगतीचा आणि भाषाशास्त्रातील एका तथ्याचा येथे मेळ बसला. ग्रंथात याला आधार थोडा, पण विरोध कोठेच नाही.

तिसरा नमुना आपल्या भाषेच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. ‘द फाइव्ह ऑरेंज पिप्स’ ही कथा सप्टेंबर १८८७ मध्ये घडते. तेथे वॉटसन सांगतो की पत्नी आपल्या आईकडे गेली होती. आता ज्या मेरी मॉर्स्टनशी त्याचा विवाह झाला ती ‘द साइन ऑफ फोर’मध्ये भेटते. तेथील हिशेबाने ते वर्ष १८८८ येते, आणि आपली आई वारली असून इंग्लंडमध्ये आपले कोणी नातलग नाही, असे ती स्वतः सांगते. मग १८८७ मधली ही पत्नी कोण, आणि तिची आई कोण? वॉटसनचा आधी एक विवाह झाला होता, हा तर्क येथून निघाला. परंतु गंमत अशी की पुढील काही आवृत्त्यांत ‘आईकडे’ हा शब्द बदलून तेथे आईच्या किंवा बापाच्या बहिणीचा वाचक असा इंग्रजी शब्द आला. इंग्रजीत मावशी आणि आत्या यांना शब्द एकच, म्हणून तेथील दुरुस्ती निभावून गेली. मराठी भाषांतरकाराला मात्र मावशी की आत्या हे ठरवल्यावाचून वाक्य लिहिता येणार नाही. आणि ते ठरवण्याला ग्रंथात आधार नाही, कारण नातलगच नाहीत असे मेरी सांगून चुकली आहे. भाषांतरकाराने ‘मावशी’ लिहिले की त्यानेही नकळत एक तर्क केला. नातेसंबंधांचे शब्द ज्या भाषेत इतके नेमके आहेत, त्या भाषेच्या वाचकाला हा खेळ इंग्रज वाचकाहून अधिक सावधपणे खेळता यावा.

३

येथपर्यंत सर्व निरुपद्रवी आहे. प्रश्न येतो तो बऱ्या-वाईटाचा. कोणताही तर्क चालेल, तर खेळ कशाला म्हणावयाचा? या दृष्टीने दोन तर्कांची तुलना करून पाहावी.

होम्सचा महाशत्रू प्राध्यापक मोरिआर्टी हा मुळात नव्हताच, होम्सने तो कल्पिला, असा एक तर्क आहे. त्याला आधार आहे. ‘द फायनल प्रॉब्लेम’ या कथेत मोरिआर्टीची सारी माहिती होम्सच्याच तोंडून येते. वॉटसनला तो धड भेटत नाही; स्थानकावरील गर्दीतून वाट काढणारा एक उंच मनुष्य आणि डोंगरवाटेवरील एक दूरची आकृती, एवढेच तो पाहतो. ४ मे १८९१ रोजी राइशेनबाखच्या धबधब्यापाशी काय घडले त्याला साक्षीदार नाही. तर्क मोठा मोहक आहे. परंतु ‘द व्हॅली ऑफ फिअर’ ही कादंबरी उघडावी. तेथे मॅकडोनल्ड नावाचा पोलीस अधिकारी आपण मोरिआर्टीच्या घरी जाऊन आलो, त्याच्याशी ग्रहणांविषयी बोललो, असे सांगतो. स्वतंत्र साक्षीदार उभा राहिला आणि तर्क तेथेच कोसळला. तो वाचवावयाचा तर मॅकडोनल्डलाही खोटा ठरवावा लागेल, आणि मग साठही कथांतील कोणत्याच वाक्यावर विश्वास ठेवण्याचे कारण उरणार नाही.

दुसरा तर्क अमेरिकन रहस्यकथाकार रेक्स स्टाउट यांचा. १९४१ साली न्यूयॉर्कच्या त्या मंडळापुढे त्यांनी वॉटसन ही स्त्री होती असे भाषण केले. पुरावा म्हणून त्यांनी काही कथांची शीर्षके एका विशिष्ट क्रमाने लावली आणि त्यांच्या आद्याक्षरांतून ‘आयरीन वॉटसन’ हे नाव काढून दाखवले. सभेत हशा पिकला. परंतु साठ शीर्षकांतून हवी ती निवडावयाची आणि हवा तो क्रम लावावयाचा मुभा असली, तर त्यातून कोणाचेही नाव निघेल. दुसऱ्या एका सभासदाने याच युक्तीने स्टाउट यांचीच टवाळी करणारे वाक्य आद्याक्षरांतून काढून ते सिद्धही केले.

या दोहोंतून एक कसोटी हाती येते. ज्या तर्काला ग्रंथ ‘नाही’ म्हणू शकतो तोच तर्क विचारार्ह होय. मोरिआर्टीविषयीचा तर्क चुकीचा ठरला, म्हणूनच तो चांगल्या जातीचा होता. त्याने ग्रंथापुढे जाऊन उत्तर मागितले आणि उत्तर मिळाले. आद्याक्षरांच्या तर्काला ग्रंथ ना होकार देऊ शकतो ना नकार, कारण त्याने ग्रंथाला काही विचारलेच नाही. साहित्याच्या अध्यापकांना हा भेद नित्य उपयोगी पडणारा आहे. कवितेत विधवेच्या दुःखाचे प्रतीक दिसते, मावळत्या सूर्यात पारतंत्र्य दिसते, अशी विधाने आपल्या वर्गांत आणि आपल्या ग्रंथांतही पुष्कळ होतात. त्यांपैकी किती विधानांना कविता नकार देऊ शकेल, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा.

फ्रेंच समीक्षक पिअर बायार यांनी हाच खेळ अधिक धारदार केला. १९९८ साली त्यांनी अगाथा ख्रिस्तीच्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड’ या १९२६ च्या कादंबरीवर एक ग्रंथ लिहिला, आणि प्वारोने पकडलेला गुन्हेगार खरा गुन्हेगार नव्हे, असे प्रतिपादिले. २००८ मध्ये बास्करव्हिलच्या कुत्र्याविषयीही त्यांनी असेच केले. ज्यांनी या कादंबऱ्या अद्याप वाचल्या नाहीत त्यांचा रस हिरावू नये म्हणून येथे नावे घेत नाही. बायार यांचा निष्कर्ष पटो वा न पटो, त्यांचा आक्षेप मार्मिक आहे. गुप्तहेर बोलला की वाचक मान तुकवतो. न्यायालयात जो पुरावा क्षणभर टिकला नसता तो आपण केवळ प्वारोच्या अधिकारावर स्वीकारतो. शब्दप्रामाण्याची ही सवय रहस्यकथेपुरती राहत नाही. पाठ्यपुस्तकातील प्रस्तावना, मार्गदर्शिकेतील उत्तर, आणि वर्गातील गुरुजींचे वाक्य हेही विद्यार्थी असेच स्वीकारतात.

४

आता खेळाच्या मर्यादेकडे वळले पाहिजे, आणि ती दाखवण्याचा अधिकार भारतीय वाचकाला विशेष आहे. ‘द साइन ऑफ फोर’मध्ये आपला देश येतो. १८५७ च्या धामधुमीत आग्र्याच्या किल्ल्यात उत्तरेकडील एका राजाचे जवाहीर लुटले जाते. मेरीचे वडील कॅप्टन मॉर्स्टन आणि त्यांचे मित्र मेजर शोल्टो हे ३४ व्या मुंबई पायदळाचे अधिकारी. ते अंदमानात कैद्यांवर देखरेख करतात आणि त्या लुटीच्या मोहात सापडतात. लुटीत सामील असलेल्या शीख म्हणवणाऱ्या साथीदारांची नावे मात्र पाहावीत: महोमत सिंग, अब्दुल्ला खान आणि दोस्त अकबर! पंजाब सोडाच, भोपाळच्या चौकबाजारातील कोणतेही पोर ही नावे ऐकून हसेल.

खेळाचा नियम म्हणतो, लेखकाची चूक हे उत्तर वर्ज्य. मग खेळाडू सांगणार की हकीकत सांगणारा गुन्हेगार इंग्रज होता, त्याने नावे मुद्दाम बदलली असतील, किंवा वॉटसनने ती चुकीची टिपली असतील. चाल चतुर आहे. पण येथे ती चालू देऊ नये. याच कादंबरीत टोंगा नावाचा अंदमानी मनुष्य आहे. त्याला ग्रंथात नरभक्षक, विद्रूप, पशुतुल्य असे रंगवले आहे, आणि त्याला दुजोरा म्हणून होम्स एका भौगोलिक कोशातील उतारा वाचून दाखवतो. अंदमानी लोक नरभक्षक नव्हते. वॉटसनला खरा चरित्रकार मानण्याचे व्रत येथेही पाळले, तर एका मानवसमूहाविषयीचे असत्य आपण खेळाच्या नावाखाली खरे धरून बसतो. जखम खांद्याला की पायाला हा प्रश्न लेखकाला बाजूस सारून सोडवता येईल. टोंगाचा प्रश्न लेखकाला आणि त्याच्या काळाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केल्यावाचून सुटणार नाही. म्हणून नियम असा करावा की ग्रंथातील विसंगती वस्तूंविषयी असेल तोवर खेळावे. ती माणसांच्या प्रतिष्ठेविषयी झाली की खेळ थांबवून समीक्षा सुरू करावी.

५

आपल्याकडे हा खेळ कितपत रुजेल? सामग्री तर दाराशीच आहे. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या, आणि त्या आपल्या मुलांच्या ओळखीच्या आहेत. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कथेत साडेतेरा वर्षांचा तोपशे हा फेलूदाला आपला मावसभाऊ म्हणतो. नंतरच्या कथांत तेच नाते चुलतभावाचे झाले आहे. इंग्रजीतून वाचणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. मराठी मुलाला तो चटकन जाणवावा. तोपशे खोटे का बोलला? की दोन तोपशे होते? की रायांनी पहिली कथा लिहिताना मालिका होईल अशी अपेक्षाच केली नव्हती? तिसरा प्रश्न विचारला की मूल खेळातून अलगद वाङ्मयेतिहासात येते.

भोपाळसारख्या शहरात आणखी एक उदाहरण हाताशी आहे. इब्ने सफी (१९२८–१९८०) यांची ‘जासूसी दुनिया’ ही उर्दू मालिका १९५२ मध्ये अलाहाबादेहून सुरू झाली आणि १९५५ पासून त्यांचा इम्रान अवतरला. उर्दू आणि हिंदी ज्या शहरात एकाच गल्लीत नांदतात, तेथे या मालिकेची थोरवी सांगावयास नको. परंतु त्याच कथा हिंदीत आल्या तेव्हा कर्नल फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश झाला. हमीद मात्र हमीदच राहिला. उर्दू वाचणाऱ्याचा नायक एका नावाचा, हिंदी वाचणाऱ्याचा दुसऱ्या. गुन्हा एकच, उलगडा एकच. शंभर वर्षांनी एखाद्या पंडिताच्या हाती दोन्ही प्रती लागल्या, तर फरीदी आणि विनोद हे दोन भिन्न पुरुष होत, असा ग्रंथ तो लिहील! त्याला आवरावयाचे तर एकच उपाय: आधी आवृत्त्या ताडून पाहाव्यात, मग पात्रांविषयी बोलावे. वॉटसनच्या सासूविषयीही आपण हेच शिकलो.

आणि नेमक्या याच जागी मराठीची अडचण उघडी पडते. आपल्या रहस्यकथेचे सर्वांत लोकप्रिय नाव बाबूराव अर्नाळकर, म्हणजेच चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६). त्यांनी एक हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची पात्रे दोन-तीन पिढ्यांच्या तोंडी होती. इंग्रजी रहस्यकथांचा आधार त्यांच्या लेखनामागे होता, पण त्या नायकांना त्यांनी मराठी वाचकाच्या घरचे केले. आता खेळाडूचे प्रश्न विचारून पाहावेत. मालिकेत झुंजारचे वय वाढते की नाही? एका पुस्तकातील घटना दुसऱ्यात आठवली जाते काय? दोन पुस्तकांत विसंगती आढळली, तर ती विस्मृतीची, की मागील इंग्रजी आधार बदलल्याची? प्रश्न साधे आहेत. उत्तरे मिळवणे अवघड आहे. साठ कथांचा प्रमाणग्रंथ एका कपाटात मावतो आणि जगातील कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात सापडतो. हजार पुस्तकांचा हा संसार मात्र स्वस्त कागदावर छापला गेला, फिरत्या वाचनालयांतून हातोहात झिजला, आणि पुष्कळसा रद्दीत गेला. ज्या ग्रंथाची सर्व पाने समोर नाहीत, तो ग्रंथ कोणत्याही तर्काला ‘नाही’ म्हणू शकत नाही. म्हणून अर्नाळकरांविषयी आपण आठवणी सांगतो, समीक्षा करू शकत नाही. ओसरीवर बसवलेला पाहुणा उपाशीच निघून गेला, आणि त्याचा पत्ताही आपण टिपून ठेवला नाही.

६

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. उत्तम साहित्य शिकवण्यास वेळ पुरत नाही, तेथे वॉटसनची जखम आणि तोपशेचे नाते यांत मुलांना गुंतवणे म्हणजे कालापव्यय होय, असे कोणी म्हणेल. त्याला मराठीतच उत्तर आहे, आणि ते फार मोठ्या ग्रंथाने दिलेले आहे.

इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि १९६८ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार त्याला मिळाला. त्यात बाईंनी एक तर्क मांडला आहे: युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र तर नसेल? आधार महाभारतातूनच घेतले आहेत. युधिष्ठिर हा धर्माचा पुत्र, आणि विदुर हा धर्माचाच अवतार. नियोगाकरिता दिराला पाचारण करण्याची चाल होती, आणि विदुर हा पंडूचा धाकटा भाऊ. शेवटी वनात विदुर देह ठेवतो तेव्हा तो योगबळाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करतो, आणि पित्याने पुत्राच्या ठायी प्रवेश करावा ही कल्पना आपल्या परंपरेत जुनीच आहे. तर्काविरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि त्या वजनदार आहेत: महाभारत हे नाते उघड शब्दांत कोठेच सांगत नाही. म्हणूनच तो सिद्धान्त न होता तर्क राहतो. परंतु तो वाचल्यावर विदुर आणि युधिष्ठिर यांचे प्रत्येक संभाषण आपण निराळ्या कानांनी ऐकतो. कर्वेबाईंनी हा तर्क खेळ म्हणून केला नाही. तथापि त्यांची रीत पाहिली तर ती अगदी तीच आहे: पात्राला माणूस मानणे, उतारे समोरासमोर ठेवणे, काळाचे आचार तपासणे, आणि ग्रंथाला नकार देण्याची संधी देणे.

मग विद्यार्थ्याने ही रीत कोठे शिकावी? एकदम महाभारतावर हात टाकला तर श्रद्धा दुखावते, घरची माणसे रागावतात, आणि मूल भिऊन गप्प बसते किंवा उद्धट होते. ज्ञानेश्वरांविषयीच्या वादात प्रौढांचेही हेच झाले. होम्स, फेलूदा, झुंजार यांच्या बाबतीत कोणाचे काही बिघडत नाही. तेथे मुलाने चुकावे, मोडावे, पुन्हा बांधावे. पुराव्याला मान देण्याची सवय एकदा हाडीमासी खिळली, की मोठ्या ग्रंथाजवळ ते आपोआप नम्रतेने जाईल. कारण आपल्या सुंदर तर्काला पुस्तकाने एका वाक्यात कसे पाडले, हे त्याने अनुभवलेले असेल.

महाराष्ट्राबाहेरील मराठी अध्यापकाला या गोष्टीची निकड अधिक आहे. आपल्या घरांतील मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकतात. मराठी त्यांना बोलता येते, वाचताना ती अडखळतात. त्यांच्या हाती प्रथमच एखादी गंभीर कादंबरी दिली तर ती चार पाने उलटून परत येते. रहस्यकथा परत येत नाही. तिचे शेवटचे पान गाठल्यावर ‘हे खरेच असे घडले असेल का?’ एवढा एक प्रश्न विचारला, की मूल पहिल्या पानाकडे वळते. आणि मराठी पुस्तक दुसऱ्यांदा वाचणारे मूल हे आजच्या दिवसांत लहानसहान यश नव्हे.

त्यासाठी दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. अध्यापकाने प्रत्येक तर्काला ‘हे कोठे म्हटले आहे?’ असे विचारावे, आणि पृष्ठ दाखवल्यावाचून कोणाचाही तर्क, स्वतःचाही, मान्य करू नये. अकादमीने इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन, जबलपूर, भोपाळ येथील मराठी घरांच्या माळ्यांवर आणि जुन्या वाचनालयांच्या मागच्या खोल्यांत पडून असलेली रहस्यकथांची पुस्तके गोळा करावीत, त्यांची यादी करावी, आवृत्ती आणि वर्ष नोंदवावे. त्यांतील वाङ्मयीन गुणांचा निवाडा पुढील पिढी करील. तिने तो करावयाचा तर पुस्तके शिल्लक असली पाहिजेत.